३१ ग्रॅम फॉस्फरसमध्ये रेणू किती?

पाऊलवाट · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. रसायनशास्त्र सुटून मला एक जमाना झालाय, त्यामुळे प्रश्न फारच बाळबोध वाटला तर हलकंच घ्या.

लेकीचा चाचणीचा पेपर तपासून आला. एका प्रश्नावर लागोपाठ दोन फुल्या. ३१ ग्रॅम फॉस्फरसमध्ये रेणू किती आणि अणू किती, असा काहीसा प्रश्न होता. रेणूंसाठी तिने ६.०२२ × १०^२३ लिहिलंय. मला तर ते बरोबरच वाटलं. फॉस्फरसचं अणुवस्तुमान ३१, म्हणजे ३१ ग्रॅमचा झाला एक मोल, आणि मोल म्हटला की ॲव्होगॅड्रोचा अंक. एवढं मलाही अजून पाठ आहे! अणूंसाठी काय लिहिलं होतं ते आठवत नाही. पेपर तिच्या दप्तरात आणि ती झोपलीय. पण फुली त्यावरही होती हे नक्की.

बाईंना भेटून विचारावं का? की माझंच काही चुकतंय? भांडायला जाऊन तोंडावर पडायची इच्छा नाही.

ता.क. इथे पायाशी लिहायचे बारीक आकडे उमटत नाहीत. पी म्हणजे फॉस्फरस; पी४ लिहिलं की पीच्या पायाशी चार असं वाचा.

तिरकसबुवा · रात्री ९.५२

एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३. लेक बरोबर, बाई चूक. धागा संपला. पुढील लेखनास शुभेच्छा.

भिंगरी · रात्री ९.५८

बुवा, एक मोल कशाचा?

तिरकसबुवा · रात्री १०.०१

फॉस्फरसचा. आणखी कशाचा?

भिंगरी · रात्री १०.०७

डझनभर मोजे आणा म्हटलं तर तुम्ही बारा नग आणणार की बारा जोड्या? तसंच आहे हे. फॉस्फरसच्या अणूंचा मोल वेगळा, रेणूंचा वेगळा. मोलच्या व्याख्येतच ही अट आहे. १९७१ साली मोल अधिकृत एकक झालं तेव्हाच लिहून ठेवलंय की मोल वापरताना कण कोणता ते सांगायलाच हवं: अणू, रेणू, आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट), इलेक्ट्रॉन, काय असेल ते. २०१९ मध्ये व्याख्या बदलली आणि आकडा कायमचा ठरवून टाकला, ६.०२२१४०७६ × १०^२३, ना एक कमी ना एक जास्त. कण सांगायची अट मात्र तेव्हाही सुटली नाही.

खडूचा_तुकडा · रात्री १०.३१

भिंगरीताईंनी नेमकी नस पकडली. आयुष्यभर हाच विषय शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पांढऱ्या फॉस्फरसमध्ये अणू एकेकटा नांदत नाही. चौघांचं बिऱ्हाड असतं. प्रत्येक अणूला तीन हात, आणि उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाचा एकेक हात त्याने धरलेला. अशी आकृती सपाट राहूच शकत नाही, तिचा चतुष्फलक होतो: चार कोपरे, सहा कडा. कोपऱ्यावर अणू, कडेवर बंध. दोन बंधांमधला कोन जेमतेम ६० अंश, म्हणजे सगळे अंग चोरून बसलेले. त्यामुळे ही मंडळी कायम कावलेली. तापमान तिशीच्या आसपास गेलं की हवेत आपोआप पेट घेतात, म्हणून पाण्याखाली ठेवायचे. वर जहाल विषारी. वर्गात मी पी४ला चांडाळचौकडीच म्हणायचो. चार हा आकडा मग कुणी विसरत नसे.

आता हिशेब.

एका चौकडीचं वस्तुमान ४ × ३१ = १२४. म्हणजे रेणूंचा एक मोल १२४ ग्रॅमचा.
आपल्याकडे ३१ ग्रॅम. ३१ ÷ १२४ = ०.२५ मोल रेणू.
०.२५ × ६.०२२ × १०^२३ = १.५०५५ × १०^२३ रेणू.
प्रत्येक रेणूत चार अणू, म्हणून अणू ६.०२२ × १०^२३.

तेव्हा ताई, लेकीचा आकडा अणूंसाठी अगदी बरोबर आहे. तो रेणूंच्या जागी बसलाय एवढंच. अणूंच्या जागी तिने काय लिहिलंय ते सकाळी जरूर सांगा. मला एक शंका येतेय, पण पेपर बघितल्याशिवाय बोलत नाही.

तिरकसबुवा · रात्री १०.३८

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे.

(नाही, काढत नाही. राहू द्या माझा पहिला प्रतिसाद, पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल.)

उलटतपासणी · रात्री ११.०४

सर, तुमचा हिशेब मान्य, पण प्रश्नात ‘पांढरा’ हा शब्द होता का? नसेल तर माझ्या मते प्रश्नच रद्द करायला हवा.

लाल फॉस्फरस घ्या. त्यात चौकड्या फुटून अणूंचं एकमेकांत गुंतलेलं जाळं झालेलं असतं. एक रेणू कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे सांगायची सोयच नाही. हिटॉर्फने १८६५ मध्ये केलेला जांभळा, ब्रिजमनने १९१४ मध्ये प्रचंड दाबाखाली केलेला काळा, त्यांचीही तीच गत. काळ्यात तर सुरकुतलेल्या कागदासारखे थरावर थर असतात. ‘३१ ग्रॅम लाल फॉस्फरसमध्ये रेणू किती’ या प्रश्नाला उत्तर नाही. अणू मात्र चारही रूपांत तितकेच, ६.०२२ × १०^२३. अणूंचा आकडा वजनावर ठरतो, रेणूंचा ठरायला रूप कळावं लागतं.

खडूचा_तुकडा · रात्री ११.१५

वकीलसाहेब, हरकत मंजूर. नुसतं ‘फॉस्फरसचे रेणू’ म्हटलं की पी४ धरायचं हा परीक्षांचा रिवाज आहे, पण तो रिवाजच.

समीकरणं लिहितानाही आम्ही पांढऱ्याला पी४ लिहितो आणि लाल असेल तर नुसता पी. मुलांना वाटतं सरांनी आळस केला. तो आळस नसतो. जाळ्याला आकडा द्यायचा कुठला?

शून्यमात्रा · बुधवार, सकाळी ७.२०

रात्रभरात धागा बराच पळालेला दिसतोय. हा गोंधळ परीक्षेपुरता राहिला असता तर बरं होतं. कॉलेजात प्रयोगाच्या कागदावर ‘लाल फॉस्फरस ०.१ मोल’ एवढंच छापलेलं होतं. माझ्या जोडीदाराने ३.१ ग्रॅम तोलला. मी पी४ ताजाताजा शिकलेलो, म्हणून शहाणपणा करून १२.४ तोलला. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं. माझ्या चंचुपात्रात शेवटी लाल पावडरीचा एवढा गाळ उरला की अख्खी दुपार गाळणकागद बदलण्यात गेली. त्या दिवसापासून वहीत कुठेही मोल लिहिला की शेजारी ग्रॅम लिहितोच.

टकमक · सकाळी ८.०५

मूळ शंका. चारच कशावरून? अणू डोळ्यांना दिसत नाही, आणि हे सगळं ठरलं तेव्हा आजची यंत्रंही नव्हती. कुणी मोजले?

सांजसावली · सकाळी ९.४७

आला माझ्या आवडीचा भाग!

मोजले नाहीत, तोलले. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये म्हटलं होतं की तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. याचा फायदा बघा. दोन वायूंची सारखी भांडी भरून तोलली की त्यांच्या एकेका रेणूच्या वजनांचं गुणोत्तर आपसूक हाती येतं. अणू बघायची गरजच नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्यूमा याने १८२६ च्या सुमारास वाफेची घनता मोजायची चांगली पद्धत काढली आणि फॉस्फरस, गंधक, पारा उकळून त्यांच्या वाफा तोलल्या. फॉस्फरसची वाफ हायड्रोजनच्या सुमारे ६२ पट जड भरली. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, मग सगळ्याच मूलद्रव्यांच्या रेणूंत दोनच असणार असं धरून चाललं, तर फॉस्फरसचं अणुवस्तुमान होतं ६२. पण संयुगं ठणकावून सांगत होती ३१. फॉस्फीनमध्ये ३ ग्रॅम हायड्रोजनला ३१ ग्रॅमच फॉस्फरस लागतो. म्हणजे इथे दुप्पट झाली. गंधकाचा आकडा तिप्पट आला, पाऱ्याचा निम्मा. एकाच पद्धतीने एक दुप्पट, एक तिप्पट, एक निम्मा! त्या काळातल्या बऱ्याच जणांचा ॲव्होगॅड्रोवरचा विश्वास उडाला तो अशा आकड्यांमुळेच. खुद्द द्यूमाचाही.

वास्तविक वजनं बरोबर होती. ‘सगळ्यांत दोनच अणू’ हे गृहीतक तेवढं चुकलेलं. ते काढून टाका आणि परत मांडा. वाफ ६२ पट जड, हायड्रोजनचा रेणू २ चा, म्हणून फॉस्फरसचा रेणू १२४ चा. एक अणू ३१ चा. १२४ भागिले ३१, चार! त्याच न्यायाने पाऱ्याच्या वाफेत अणू एकेकटा, आणि त्या तापमानाला गंधकाच्या वाफेत सरासरी सहा. ही सगळी मांडणी पटेल अशी केली इटलीच्या कॅनिझारोने, १८५८ मध्ये. १८६० च्या कार्ल्सरूहच्या परिषदेत त्याची पुस्तिका वाटली गेली आणि तिथून हळूहळू वारं फिरलं.

म्हणजे पाऊलवाटताईंच्या लेकीची जी गाठ झाली, ती सोडवायला मोठमोठ्या लोकांना तीसेक वर्षं लागली. तिला सांगा.

टकमक · सकाळी १०.१२

दंडवत. मग पुढची शंका. आवर्तसारणीत नायट्रोजन याच उभ्या रांगेत फॉस्फरसच्या डोक्यावर बसलाय. तो दोघादोघांनी राहतो, मग याला चौघं कशाला?

खडूचा_तुकडा · सकाळी ११.३०

दोन अणूंचा जमाखर्च मांडू. तीन हातांचे दोन अणू, म्हणजे एकमेकांत एक तिहेरी बंध करायचा, नाहीतर शेजाऱ्यांशी तीन एकेरी.

नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, एकेरी बंधाला साधारण १६०. तीन एकेरी मिळून ४८०. तिहेरीतच फायदा, म्हणून जोडी.
फॉस्फरसचा तिहेरी सुमारे ४९०, एकेरी साधारण २००. तीन एकेरी मिळून ६००. एकेरीत फायदा, म्हणून टोळी.

६० अंशांच्या अवघडलेल्या बैठकीमुळे ६०० मधले थोडे कमी होतात, तरी पारडं तिकडेच झुकतं. फॉस्फरसचा अणू मोठा, त्यामुळे तिहेरी बंधासाठी कुशीला कुशी लावून जवळ यायचं असतं ते त्याला नीट जमत नाही. पण वाफ ८०० अंशांच्या वर तापवत नेली की चौकड्या फुटून पी२ च्या जोड्या होऊ लागतात. म्हणजे रेणूंची संख्या तापमानावरही ठरते, वकीलसाहेब. अणू आहेत तेवढेच.

उलटतपासणी · सकाळी ११.३६

हाच मुद्दा मी रात्री मांडायला हवा होता. नोंद घेतली.

भिंगरी · दुपारी १.१०

संयुगांकडे येऊ या? पी४ओ६ आणि पी४ओ१० हे आकडे घोकण्यात माझी दोन वर्षं गेली. मग एक दिवस मातीचे गोळे आणि काड्या घेऊन बसले आणि घोकंपट्टी सुटली. तुम्हीही करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

चार पांढरे गोळे घ्या. प्रत्येक गोळा बाकीच्या तिघांना काडीने जोडा. तीन गोळ्यांचा त्रिकोण टेबलावर राहतो, चौथा वर टोकाला जातो. काड्या मोजा: सहा. (चार माणसांनी एकमेकांशी हात मिळवले तर हस्तांदोलनं सहाच होतात, तेच हे.) हा झाला पी४.

आता प्रत्येक काडी मधोमध मोडून तिथे एक लाल गोळा घाला. लाल म्हणजे ऑक्सिजन. सहा काड्या, म्हणून सहा लाल. झाला पी४ओ६. आता पांढऱ्याला पांढरा कुठेच टेकत नाही, दर दोघांमध्ये एक लाल आलेला. सांगाडा फुगून एकदम ऐसपैस होतो, ते बघायला फार मजा येते.

मग चारही कोपऱ्यांवर बाहेरच्या बाजूने एकेक लाल गोळा लावा, दोन-दोन काड्यांनी. सहा आणि चार, दहा. पी४ओ१०! एकूण गोळे चौदा. दहाच का, अकरा का नाही, हे कुणी परत विचारलं नाही मला, कारण कोपरेच संपतात.

आणि सगळ्या काड्या मोडायला हव्यात असंही नाही. वरच्या टोकापासून खाली येणाऱ्या तीनच काड्या मोडून तिथे पिवळे गोळे, म्हणजे गंधक घाला. खालचा त्रिकोण तसाच. हा पी४एस३. कुठेही घासली तरी पेटणाऱ्या आगकाडीच्या गुलात हाच असतो. जाता जाता, नेहमीच्या सुरक्षित काडीच्या गुलात फॉस्फरस नसतोच. तो पेटीच्या कडेला, घासायच्या पट्टीत असतो, आणि तो लाल.

तिरकसबुवा · दुपारी १.२८

गोळे-काड्या झकास. पण आम्ही तर पी२ओ५ शिकलो. फॉस्फरस पेंटॉक्साइड. पेंटा म्हणजे पाच. आता तुम्ही दहा म्हणताय. आमच्या बालपणाचे पाच ऑक्सिजन कुणी पळवले?

भिंगरी · दुपारी १.४०

पळवले नाहीत, दुप्पट केले. पी२ओ५ हे नुसतं गुणोत्तर आहे, दोनास पाच. खरा रेणू त्याच्या दुप्पट. नाव ठेवलं तेव्हा गुणोत्तर माहीत होतं, रेणू माहीत नव्हता, आणि नाव एकदा चिकटलं की निघत नाही.

वजनाच्या हिशेबाला काही बाधा नाही. १२४ ग्रॅम फॉस्फरस अधिक १६० ग्रॅम ऑक्सिजन, मिळून २८४ ग्रॅम ऑक्साइड. कसंही लिहा, अणू तेवढेच. रेणू विचारले की फसगत होते: १४२ ग्रॅमला पी२ओ५ धरून एक मोल येईल, प्रत्यक्षात आहे अर्धा.

बांधावरून · दुपारी २.५५

नेहमी वाचनमात्र असतो, पण पी२ओ५ निघालं म्हणून लॉगिन केलं. खताच्या पोत्यावरचा आकडा त्याचाच असतो. डीएपीवर १८-४६-० लिहिलेलं असतं. मधला ४६ हा फॉस्फरस नाही. त्यातला फॉस्फरस ऑक्साइडच्या रूपात असता तर किती भरला असता, ते शेकड्यात दिलेलं आहे. पोत्यात पी२ओ५ चा कणही नसतो. जुन्या काळी पृथक्करण करणारे सगळं ऑक्साइडमध्ये मांडायचे, ती रीत आजवर चालत आली.

खरा फॉस्फरस काढायचा तर ६२ भागिले १४२, म्हणजे ०.४३६ ने गुणायचं. ४६ चे झाले जेमतेम २०. माती परीक्षणाच्या अहवालात पी लिहिलाय की पी२ओ५, हे न बघता खताची मात्रा काढली की सरळ सव्वादोन पटींचा फरक पडतो. एक वर्ष मी तसा हिशेब करून बसलो होतो. फेडला तो तोटा.

पाऊलवाट · दुपारी ३.२०

किती शिकवताय सगळे! बांधावरून, तुम्ही लिहीत राहा हो.

पेपर अजून हाती आलेला नाही, लेक संध्याकाळी येईल. तोवर माझी मीच परीक्षा घेतेय. कॅल्शियम फॉस्फेट, सीए३(पीओ४)२. यात अणू किती?

तिरकसबुवा · दुपारी ३.२६

१२. कॅल्शियम ३, फॉस्फरस १, ऑक्सिजन ८.

खडूचा_तुकडा · दुपारी ३.३१

बुवा, आज तुमचा दिवस नाही! कंसाबाहेरचा दोन कंसातल्या सगळ्यांना लागतो, शेवटच्यालाच नाही. फॉस्फेट दोन, म्हणून फॉस्फरस २, ऑक्सिजन ८, कॅल्शियम ३. एकूण १३. ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिलीय की तेरा अपेक्षित असताना बारा दिसला की पुढचं न वाचताही कळायचं काय झालंय ते.

अमोनियम फॉस्फेट (एनएच४)३पीओ४ करून बघा. इथे कंस पुढे आहे, मागे नाही. नायट्रोजन ३, हायड्रोजन १२, फॉस्फरस १, ऑक्सिजन ४. एकूण २०. आणि बांधावरून यांची शुद्ध डीएपी, (एनएच४)२एचपीओ४, यात कंसाबाहेरचा सुटा एच मोजायचा राहतो. ८ अधिक १, हायड्रोजन नऊ. सगळे मिळून १६.

उलटतपासणी · दुपारी ३.४४

हरकत. कॅल्शियम फॉस्फेटमध्ये १३ अणूंचा ‘रेणू’ असतो असं कुणी लिहू नये. तो आयनांचा स्फटिक आहे. १३ हा त्याच्या सूत्रातला आकडा, सुटा तेरा जणांचा गट त्यात कुठेही नाही.

हाडांमधलं खनिज, हायड्रॉक्सीॲपेटाइट, त्याचंही असंच. कुणी सीए५(पीओ४)३ओएच लिहितं, ते २२ अणू होतात. कुणी सीए१०(पीओ४)६(ओएच)२ लिहितं, ते ४४. दोन्ही बरोबर. स्फटिकात जो ठोकळा परत परत येतो त्यात ४४ अणू असतात म्हणून दुसरं लिहायची पद्धत.

फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणखी बेरकी. वायू असताना पीसीएल५ चे सुटे रेणू, सहा-सहा अणूंचे. घन झालं की एका रेणूने दुसऱ्याला क्लोरीन देऊन टाकलेला: एक पीसीएल४ चा धन आयन, एक पीसीएल६ चा ऋण आयन. पाच अणूंचा एक, सात अणूंचा एक. बेरीज १२, म्हणजे दोन रेणूंइतकीच. पण पीसीएल५ चा रेणू शोधायला जाल तर एकही मिळणार नाही.

टकमक · दुपारी ४.०२

आपल्या अंगात किती फॉस्फरस असतो?

सांजसावली · दुपारी ४.१९

प्रौढ माणसात सुमारे ७०० ग्रॅम, त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. ७०० भागिले ३१ म्हणजे साडेबावीस मोल अणू, म्हणजे सुमारे १.३६ × १०^२५ अणू. पी४ चे रेणू शून्य. असते तर आपण इथे लिहायला नसतो.

शून्यमात्रा · दुपारी ४.४०

एक राहिलंच. एच३पीओ४ मध्ये हायड्रोजन ३ आणि आम्ल म्हणूनही तो तिन्ही सोडू शकतो. पण फॉस्फरस आम्ल, एच३पीओ३, तीन हायड्रोजन असूनही दोनच सोडतं, आणि एच३पीओ२ तर एकच. तोंडी परीक्षेत यावर माझी विकेट गेली होती.

खडूचा_तुकडा · दुपारी ४.५२

जो हायड्रोजन ऑक्सिजनला लटकलेला, तो सुटतो. जो थेट फॉस्फरसला चिकटलेला, तो सुटत नाही. पहिल्यात थेट चिकटलेला एकही नाही, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन. अणू मोजताना मात्र सगळे धरायचे: ८, ७, ६.

तिरकसबुवा · संध्याकाळी ५.०५

बाकी देवनागरीत सूत्रं लिहायची म्हणजे धोकाच. पीओ४ मी मघापासून पोलोनियमचे चार अणू असं वाचतोय. इंग्रजीत लहान-मोठ्या अक्षराने फरक कळतो, आपल्याकडे अक्षर लहान करायचं कसं?

(हे तरी बरोबर आहे ना?)

भिंगरी · संध्याकाळी ५.०९

बरोबर आहे. आज पहिल्यांदाच.

पाऊलवाट · संध्याकाळी ७.१५

पेपर मिळाला! प्रश्न शब्दशः देते. ‘३१ ग्रॅम पांढऱ्या फॉस्फरसमधील (अ) रेणूंची व (ब) अणूंची संख्या काढा.’ म्हणजे वकीलसाहेब, ‘पांढऱ्या’ आहे हो. मीच अर्धवट लक्षात ठेवलं होतं.

आणि लेकीचं उत्तर: (अ) रेणू ६.०२२ × १०^२३. (ब) अणू १.५०५५ × १०^२३.

दोन्ही आकडे बरोबर आणि दोन्ही जागा चूक! कच्च्या कामात तिने ३१ ÷ १२४ सुद्धा नीट केलंय. म्हटलं, अगं एवढं कळतंय तर चौघांचा एक गट होतो, मग गट जास्त आणि माणसं कमी कशी? तर म्हणते, ‘अणू म्हणजे गटच ना?’

खडूचा_तुकडा · संध्याकाळी ७.२४

हीच शंका होती! ती हिंदीतले व्हिडिओ बघून अभ्यास करते का?

पाऊलवाट · संध्याकाळी ७.३१

हो. सगळा धडा तसाच केलाय तिने. तुम्हाला कसं कळलं?

खडूचा_तुकडा · संध्याकाळी ७.४८

हिंदीत एकट्याला परमाणु म्हणतात आणि गटाला अणु. मराठीत एकटा तो अणू आणि गट तो रेणू. म्हणजे एकच शब्द दोन्ही भाषांत, अर्थ वेगळे. तिने व्हिडिओतलं ‘अणु’ मनात ठेवून (ब) मध्ये गटांची संख्या लिहिली. रेणू हा शब्द व्हिडिओत आलाच नसणार, त्यामुळे उरलेला आकडा (अ) ला गेला. शेवटच्या काही वर्षांत माझ्या वर्गात दर परीक्षेत असे दोन-तीन पेपर निघायचे. पहिल्यांदा मीही फुली मारून मोकळा झालो होतो. पुढे कच्चं काम बघायला लागलो.

बाईंकडे जरूर जा, पण गुण मागायला नको. हे कारण सांगायला जा. वर्गात आणखी कुणाचं तरी असंच झालेलं असणार.

पाऊलवाट · रात्री ८.१०

जाते उद्या. लेक शेजारीच बसून वाचतेय. तिने तुमच्यासाठी प्रश्न दिलाय: ‘पांढऱ्याऐवजी लाल असता तर (अ) मध्ये काय लिहायचं?’

उलटतपासणी · रात्री ८.१३

‘लागू नाही.’ आणि (ब) मध्ये ६.०२२ × १०^२३.